करंट तर येऊन राह्यला!

नांदुऱ्यात जुनी मोटार बंद पडायची जागा ठरलेली आहे. महामार्गालगत १०५ फुटी हनुमान उभा आहे, बरोबर त्याच्या समोर. तिथं गाडी थांबली की येणाऱ्याजाणाऱ्याला वाटतं, मालक भाविक आहे. मालकालाही वाटतं, लोकांना तसंच वाटू द्यावं. मोटारवाले काका तर खाली उतरून हातसुद्धा जोडतात. नमस्कार आटोपला की बॉनेट उघडतात आणि आत डोकं घालून जे काही पुटपुटतात, ते मारुतिस्तोत्र नसतं.

काकांचं नाव सांगण्यात अर्थ नाही. सांगितलं तर लोक गाडी बघायला येतील आणि आलेल्या प्रत्येकाकडून काका ती ढकलून घेतील. गाडी १९२८ ची ब्यूईक. कपाशीच्या एका भरघोस हंगामानंतर काकांच्या आजोबांनी घेतलेली. त्याच हंगामात शेजारच्यांच्या आजोबांनी जमीन घेतली, हे काकू दर दिवाळीला आठवणीनं सांगतात. १९२८ सालीच जनरल मोटर्सनं मुंबईत शिवडीला गाड्या जुळवायचा कारखाना काढला आणि तो १९५४ पर्यंत चालवला. तेव्हा ही गाडी शिवडीची की थेट अमेरिकेतल्या फ्लिंट गावची, यावर घरात दोन तट आहेत. काका फ्लिंटच्या बाजूचे. काकू भंगारवाल्याच्या.

मध्यंतरी काकांचा तट जरा वरचढ झाला होता. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं नियम काढला, की पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येईल. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये फी, मुदत दहा वर्षं. अट एवढीच, की अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणायची नाही. ही अट काकांइतकी काटेकोरपणे देशात कोणीच पाळली नसेल. नियम निघायच्या आधीपासून ते ती पाळत आले आहेत.

तक्रार साधी होती. थंड गाडी चालू व्हायची, गावाबाहेर जाईपर्यंत चालायची, तापली की मिसिंग मारायला लागायची आणि हनुमानासमोर गप्प व्हायची. अर्धा तास सावलीत ठेवली की जणू काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा चालू. असा आजार सगळ्यांत वाईट, कारण मिस्तरी येईपर्यंत रोगी बरा झालेला असतो.

आता गाव म्हटलं की सल्ला आला, आणि सल्ल्याचा एक नियम आहे: ज्याच्या दुकानात जे, त्याच्या निदानात ते. बॅटरीवाला म्हणाला, बॅटरी झोपली. तिथं सहा व्होल्टची बॅटरी मिळत नव्हती, तरी निदान बदललं नाही. पंपावरचा पोऱ्या म्हणाला, पेट्रोलात पाणी आहे, पण आमच्या पेट्रोलात नाही. एका निवृत्त ड्रायव्हरनं छातीठोक सांगितलं, की उन्हानं लाईनमध्ये पेट्रोलची वाफ होते, तेव्हा तिला ओलं फडकं गुंडाळा. वऱ्हाडातल्या मे महिन्यात हे अगदीच खोटं नाही. ॲम्बेसिडरच्या जमान्यात निम्म्या गाड्या ओलं फडकं लेवूनच अकोला गाठायच्या. फडकं गुंडाळलं. गाडी हनुमानासमोरच थांबली, फक्त या वेळी ओली. शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी फळ्यावर शिकवावं तसं सगळं समजावून सांगितलं आणि शेवटी विचारलं, “पण हे आपल्या अभ्यासक्रमातून काढलंय ना?”

मग ट्रॅक्टरचा मिस्तरी आला. नांदुऱ्यात ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्यांची वाण नाही, आणि त्यांचा हात देवाचा आहे. पण ट्रॅक्टर डिझेलचा, आणि डिझेल दाबानंच पेटतं. तिथं प्लग नाही, कॉइल नाही, डिस्ट्रिब्युटर नाही.

“इच्यात नोझल कुठं हाय, काका?”

“नोझल नाही रे. ही पेट्रोलवाली. ठिणगीवर चालते.”

“मंग बंद पडनारच न! ठिणगीचा काय भरोसा?”

त्याच्यामागून नव्या गाड्यांच्या वर्कशॉपमधला पोरगा स्कॅनर घेऊन आला. त्यानं डॅशबोर्डाखाली हात घातला, सीटखाली घातला, शेवटी आडवा होऊन गाडीखाली गेला.

“काका, पोर्ट कुठाय?”

“कसलं पोर्ट?”

“स्कॅनर लावाचा हाय. एरर कोड पाहू.”

“कोड मी सांगतो. तापली की मिसिंग मारते, मग बंद पडते.”

“म्हंजे इचा कॉम्प्युटर तुम्हीच? मंग तुमालेच रीसेट करा लागंन.”

हे असं होणारच होतं. डिस्ट्रिब्युटर नावाची वस्तू आता दोन पिढ्यांच्या मधल्या फटीत पडली आहे. एका बाजूला डिझेल, दुसऱ्या बाजूला कॉम्प्युटरवाल्या गाड्या. मधला प्रदेश फियाट आणि ॲम्बेसिडरचा. उत्तरपाड्याची ॲम्बेसिडर २०१४ मध्ये बनायची थांबली. कुर्ल्याच्या फियाटचं, म्हणजे प्रीमियर पद्मिनीचं उत्पादन त्याच्याही बरंच आधी बंद झालं होतं, आणि मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षं भरली म्हणून ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. तेव्हा लोकांनी तिच्याबरोबर फोटो काढले. तिचे पॉइंट घासून देणाऱ्या मिस्तऱ्याबरोबर कोणी काढल्याचं ऐकिवात नाही.

असा एक मिस्तरी अखेर मलकापूरच्या बाजूला सापडला. वय विचारलं तर म्हणाला, “फियाट नवी होती तवा मी जुना होतो.” त्यानं येताना फक्त एक पिशवी आणली. तिच्यात स्क्रू ड्रायव्हर, पान्हे, पॉलिश पेपर आणि हॅक्सॉ ब्लेडचा एक तुकडा. या तुकड्याला हसू नये. ब्लेडची जाडी साधारण पंचवीस थाऊ भरते, म्हणजे इंचाचे पंचवीस हजारांश भाग, आणि ॲम्बेसिडरच्या प्लगचा गॅप नेमका तेवढाच. तीन पिढ्यांनी फीलर गेज विकत न घेता गाड्या चालवल्या त्या याच हिशेबावर.

मिस्तऱ्यानं एका प्लगची वायर काढून इंजिनाच्या अंगाजवळ धरली. काकांनी स्टार्टर मारला. टक टक टक, निळी ठिणगी.

“करंट तर येऊन राह्यला!” मिस्तरी म्हणाला.

हे वाक्य त्यानंतर त्या अंगणात इतक्या वेळा उच्चारलं गेलं, की काकूंच्या तोंडीही बसलं. दिवे गेले आणि दहा मिनिटांत परत आले, की आतून आवाज यायचा.

करंट येतो म्हणजे काय होतं, हे इथं सांगून टाकलेलं बरं. चार्ल्स केटरिंग नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं १९१० च्या सुमारास जी पद्धत बसवली, तिच्यावर पुढं निदान साठ वर्षं जगातल्या बहुतेक पेट्रोल गाड्या धावल्या. बॅटरीतला थोडका दाब कॉइलमध्ये जातो. पॉइंट उघडले की त्याचे एकदम हजारो व्होल्ट होतात. डिस्ट्रिब्युटरच्या मधोमध फिरणारा रोटर ते ज्या सिलिंडरची पाळी असेल त्याला नेऊन पोचवतो. सहा सिलिंडरचं इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल, तर सेकंदाला शंभर ठिणग्या. पॉइंट घासतात, कंडेन्सर जळतो, रोटर फुटतो, बेकेलाइटच्या टोपीला पावसाळ्यात चीर जाते. प्रत्येकाला काम आहे, त्यामुळे प्रत्येकावर संशय घेता येतो.

या सगळ्यांना पोटात धरून बसलेलं जे धातूचं हाउसिंग, ते मात्र काहीच करत नाही. ते फिरत नाही, उघडत नाही, ठिणगी पाडत नाही. म्हणून त्याच्याकडं कोणी बघतही नाही. काकांनी पॉइंट बदलले, कंडेन्सर बदलला, कॉइल बदलली, प्लग बदलले, बॅटरी बदलली, मिस्तरीही बदलले. हाउसिंगला त्यांनी दर खेपेला फडक्यानं पुसून जागेवर ठेवलं.

मलकापूरच्या मिस्तऱ्यानं टोपी काढली, रोटरला चिमटीत धरून हलवलं आणि थांबला. “प्ले पाहा.” शाफ्ट डगमगत होता. मग त्यानं हातानं फिरवून पाहिला, तर एका जागी सैल आणि दुसऱ्या जागी घट्ट. गाडी तापली की घट्ट जागा आणखी आवळायची, पॉइंट मनाला येईल तेव्हा उघडायचे. “इचा डब्बाच फुगला,” तो म्हणाला. काकांना राग आला. ज्या भागाला काही होणं शक्य नाही, त्याच्यावरच या माणसानं बोट ठेवलं होतं.

डबा बाहेर काढायचा कार्यक्रम संध्याकाळी सुरू झाला. टॉर्च धरायचं काम प्रस्तुत लेखकाकडं होतं. टॉर्च धरणाऱ्याला या जगात मान नाही. उजेड खाली धरला तर मिस्तऱ्याला वर हवा असतो, वर धरला तर काकांच्या डोळ्यांत जातो, आणि काही मोडलं तर ते “उजेड नव्हता” म्हणूनच मोडतं. आधी रॉकेल सोडलं. मग लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडी. मग जमलेल्या मंडळींपैकी एकानं ब्लो लॅम्प आणला. प्रस्तुत लेखकानं भीत भीत सांगितलं, की हे जस्त असेल तर ४१९ अंशांवर वितळतं. “मंग काय करू, बर्फ लावू?” मिस्तऱ्यानं विचारलं. ब्लो लॅम्प परत गेला, पण उजेड नीट धरण्याविषयी आणखी एक सूचना मिळाली.

शेवटी हाउसिंग निघालं. म्हणजे वरचा भाग निघाला. खालचा इंजिनाच्या भोकातच राहिला आणि टोकदार स्क्रू ड्रायव्हर लावताच बत्तासा फुटावा तसा फुटला. आत पांढरट भुकटी, भेगांचं जाळं. तुकडा हातात घेऊन काका बराच वेळ पाहत राहिले.

जस्ताच्या या आजाराचा सगळा इतिहास सापडतो आणि तो फार माणसासारखा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जस्ताचे मिश्रधातू साच्यात ओतून वस्तू पाडायची युक्ती निघाली. स्वस्त, झटपट, वर गुळगुळीत. जो तो तिच्यावर तुटून पडला. पण जस्तात शिशाचा लेशमात्र जरी अंश राहिला, तर धातूच्या कणाकणांच्या सांध्यांतून गंज आतल्या आत पसरतो. वस्तू फुगते, वाकते, भेगाळते आणि एक दिवस बोटाच्या दाबानं तुटते. ओल आणि उष्णता मिळाली की काम वेगानं होतं. नांदुऱ्यात पत्र्याच्या शेडखाली दोन्हींची सोय आहे. यावर औषध नाही. अशुद्धतेचा हा दोष १९२३ मध्येच कळला होता. शुद्ध जस्ताचा भरवशाचा मिश्रधातू न्यू जर्सी झिंक कंपनीनं १९२९ मध्ये बाजारात आणला. मधली सहा वर्षं दुनियेनं कळूनही तोच माल ओतला, कारण तयार वस्तू पहिल्या दिवशी फार छान दिसायची. काकांची गाडी १९२८ ची.

हे वाचून काकांना धास्तीच बसली. दाराच्या मुठी तपासल्या, दिव्यांच्या कडा तपासल्या. मग घरात आले आणि नळ, कुलूप, देवघरातली समई यांच्यावर नखानं टकटक करू लागले. समई पितळेची आहे, हे काकूंनी तीनदा सांगितलं. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या विलायती ‘डिंकी’ खेळण्यातल्या मोटारी कपाटात बसल्या बसल्या याच रोगानं भुगा होतात, असं समजल्यावर नातवाच्या खेळण्यातल्या गाड्यांची झडती झाली. सगळ्या प्लास्टिकच्या निघाल्या. काकांना हायसं वाटलं. नातवाला वाटलं, आजोबा आता खेळणार.

नवं हाउसिंग आणायचं कुठून? पहिली फेरी बाजारांची. मुंबईचा चोर बाजार, कुर्ल्याचा कपाडिया नगर, दिल्लीतलं काश्मिरी गेट आणि मायापुरी, चेन्नईचं पुदुपेट. ही नावं जुन्या गाडीवाल्यांना चार धामांसारखी पाठ असतात. दिल्लीहून एकानं फोटो पाहताच फोन केला.

“है साहब. सेम टू सेम.”

“पक्का?”

“एकदम. बस, थोड़ा सा फरक है.”

“कितना?”

“चार सिलिंडर का है.”

दुसऱ्या एकानं ॲम्बेसिडरचा ल्युकास देऊ केला. तो चांगलाच, पण तो घड्याळाच्या उलट्या दिशेनं फिरणारा, आणि १-३-४-२ या क्रमानं चार जणांना वाढायची सवय असलेला. सहा पानांच्या पंगतीत त्याला काय सुचणार?

दुसरी फेरी खामगावची. खामगाव म्हणजे चांदीची पेठ. तिथल्या एका ओळखीच्या सराफानं तुकडा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, “चांदीत ओतून देतो. शंभर वर्षं काही होत नाही.” काका क्षणभर मोहात पडले, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. काकूंनी फक्त भाव विचारला. मग फाउंड्री. तिथला माणूस जाणकार निघाला. तो म्हणाला, पॅटर्न म्हणून हाच तुकडा वापरला तर अडचण आहे: हा आधीच फुगलेला, त्यामुळे नक्कलही फुगीर निघेल, शिवाय ॲल्युमिनियम थंड होताना शेकडा सव्वाएक आकसतं, त्यामुळे ती फुगीर आणि आखूड अशी दोन्ही होईल. “मग मूळ माप काय होतं?” त्यानं विचारलं. मूळ माप सांगू शकणारी एकमेव वस्तू त्याच्या हातात होती आणि तिच्या साक्षीवर आता कोणाचा विश्वास नव्हता.

तिसरी फेरी नात्यागोत्याची, आणि मराठी माणसाची खरी पुरवठा-साखळी हीच. काकांचा भाचा न्यू जर्सीत एडिसनला असतो. मामांनी दहा वर्षांत त्याला वाढदिवसाचा फोन केला नव्हता. आता रोज सकाळी करू लागले. अमेरिकेत अशा हाउसिंगांनी हजारो मालकांना रडवलं आहे, त्यामुळे तिकडं हौशी मंडळी घरच्या गॅरेजात ॲल्युमिनियमची नवी पाडून विकतात. भाच्यानं एक मिळवलं आणि येताना बॅगेत घातलं. लाडू, घड्याळं, अत्तराच्या बाटल्या यांच्यामध्ये चार भोकांचा, नळकांड्यासारखा धातूचा डबा. एक्स-रेच्या पडद्यावर तो कसा दिसला असेल, याची कल्पना करावी.

“ये क्या है?”

“डिस्ट्रिब्युटरचं हाउसिंग. पुराने गाडी का.”

“पुराना है तो इतना नया कैसे दिखता है?”

“नया ही है. पुराने जैसा बनाया है.”

“तो ॲन्टीक है, या नया?”

भाच्यानं मामांना फोन लावून दिला. मामांनी १९२३ पासून सुरुवात केली. शिशाच्या अंशापर्यंत पोचायच्या आत डबा सोडून देण्यात आला.

बसवायचा दिवस. मिस्तऱ्यानं नवा बुश ठोकला, शाफ्ट घातला, तो लोण्यातून फिरावा तसा फिरला आणि सगळ्यांचे चेहरे उजळले. ते उजळायला नको होते. डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट इंजिनाच्या निम्म्या वेगानं फिरतो, त्यामुळे इंजिनावरची खूण शाफ्टच्या एका फेऱ्यात दोनदा जुळल्यासारखी वाटते आणि त्यातली एक खोटी असते. मिस्तऱ्यानं निवडली ती खोटी. काकांनी स्टार्टर मारला, सायलेन्सरमधून बार उडाला. लग्नसराई होती, शेजारची दोन पोरं वरात पाहायला बाहेर आली. दुसऱ्या बाराला समोरच्या झाडावरचे बगळे उडाले. तिसऱ्याला काकू बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “करंट तर येऊन राह्यला.”

शाफ्ट अर्धा फेरा फिरवून घेतला. पॉइंटला बल्ब लावून टायमिंग ठरवलं. बल्ब ज्या क्षणी विझतो वा पेटतो, तो क्षण. तोपर्यंत बॅटरी खरोखरच झोपली होती आणि बॅटरीवाल्याला ते ऐकून फार आनंद झाला. म्हणून हँडल. हँडल मारताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, मुठीसारखा वळवायचा नाही. टायमिंग पुढं असेल तर हँडल उलटं फिरतं आणि मनगट मोडतं. डॉक्टरी पुस्तकांत या मोडण्याला शोफर फ्रॅक्चर असं नावच आहे. हे ऐकल्यावर हँडल मारायला पुढं आलेले चौघे जण पाणी प्यायला गेले. ट्रॅक्टरवाला मिस्तरी मात्र आला, बाह्या सरसावल्या, एक झटका दिला आणि ब्यूईक चालू झाली. सहाही सिलिंडर एका सुरात. “ठिणगीचा भरोसा हाय म्हनायचा,” तो म्हणाला.

काकांनी गाडी महामार्गावर काढली, हनुमानापर्यंत नेली, तापेपर्यंत उभी ठेवली. ती चालूच राहिली. इतकी, की नमस्कार करावा की नाही याचा काकांना प्रश्न पडला. परत येऊन त्यांनी नागपूरच्या व्हिंटेज रॅलीची भाषा सुरू केली. गाडी शंभर टक्के ओरिजिनल आहे, असं दोघांना सांगितलंही. त्या वेळी त्यांच्या मागं मिस्तरी बॉनेट बंद करत होता. तो थांबला, वाकला आणि कार्ब्युरेटरवर नख फिरवून म्हणाला, “काका, हे पांढरं काय हो?”

त्या काळचे बरेच कार्ब्युरेटरही जस्ताचेच ओतलेले असत.

त्याच आठवड्यात काकांच्या पुतणीला स्थळं सांगून आली. पुण्याचा मुलगा होता, कंपनी मोठी होती. बंगळुरूचा होता, घर स्वतःचं होतं. काकांनी दोन्ही पत्रिका वाचल्या आणि बाजूला ठेवल्या. तिसरा मुलगा मिशिगनमध्ये आहे असं कळल्यावर चष्मा लावला.

“पगार विचारला का?” काकूंनी विचारलं.

“ते नंतर,” काका म्हणाले. “फ्लिंटपासून किती लांब राहतो?”